दुसरा बोकड

निजामचाचांनी सुरीच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि मान वर न करता विचारलं, "मिस्त्री, एक विचारू का? राग न्हाई ना धरायचा?"

"विचारा."

"दरसाली बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या कानात काय सांगता?"

मी बोकडाचं दावं चिंचेच्या बुंध्याला बांधत होतो. गाठ मारली होती, तरी पुन्हा एकदा मारली. म्हणालो, "काही नाही. प्रार्थना."

"आम्ही बी म्हनतो की कापताना. पन एवढं लांबडं न्हाई." चाचा हसले. "तुमचं निम्मं व्हायच्या आत बोकूड कंटाळून खाली बसतंय."

ही चर्चच्या मागच्या अंगणातली गोष्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. माझी बायको सगुणा जाऊन त्या दिवशी पाच वर्षं पूर्ण झाली होती. आमच्या वाडीत ख्रिस्ती लोकांची चाळीस-पंचेचाळीस घरं आहेत. माणूस गेलं की दरवर्षी त्या दिवशी स्मरणाची उपासना ठेवायची आणि नंतर मंडळीला जेवू घालायचं, अशी इथली जुनी रीत. कुणी शिरापुरी करतं, कुणी चारदोन कोंबड्या. मी दरवर्षी बोकड द्यायचो. लोक म्हणत, गिदोन मिस्त्रीचा बायकोवर फार जीव होता. मी ऐकून घ्यायचो.

बोकडाच्या कानात मी काय सांगायचो ते इथं लिहितो. मी म्हणायचो, "दहा वाजता फोन आला तो उचलला. एक वाजता आला तो नाही उचलला. मग फोन बंद केला. हे माझं पाप. ते तुझ्यावर जाऊ दे."

एवढंच. पण पाचसात वेळा म्हणायचो. म्हणून चाचांना ते लांबडं वाटत होतं.

हे मी शब्बाथ शाळेत शिकलो होतो. लहानपणी रविवारी आम्हाला दीनाबाई शिकवायच्या. मिशनच्या काळातल्या त्या बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायाबापड्यांना शास्त्र वाचून दाखवायचं हे त्यांचं काम. बायबलातल्या मोशेच्या काळी लोक आपली पापं कशी फेडत ते त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. बोकड आणायचा, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, आपलं पाप बोलायचं. बाकीचं सगळं शिकणं मी विसरलो. एवढं राहिलं.

सगुणा गेली त्या दिवशी माझ्याकडं एका मास्तरांच्या घराचा स्लॅब होता. मी गवंडी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्लॅब एकदा टाकायला घेतला की मध्ये थांबता येत नाही. थांबलात तर ओल्या आणि सुकल्या मालाचा सांधा राहतो आणि पुढं जन्मभर तिथून पाणी गळतं. म्हणून सकाळी मिक्सर फिरायला लागला की शेवटचं घमेलं पडेपर्यंत सगळे पायावर असतात. दहा वाजता सगुणाचा फोन आला. छातीत जड वाटतंय म्हणाली. मी म्हणालो, "ॲसिडिटी असंल. सोडा पी. स्लॅब झाला की येतो." ती अजून काही बोलली. मी बरं म्हणून ठेवला. एक वाजता पुन्हा तिचं नाव दिसलं. तेव्हा कोपऱ्यातली सळई खाली बसली होती आणि मी पोरांवर ओरडत होतो. मी फोन बंद केला आणि खिशात टाकला.

माझा हाताखालचा माणूस पंधरा वर्षांचा मुरलेला होता. माझ्यावाचून स्लॅब अडला नसता.

साडेतीनला शेजारच्या लीलाबाईला ती सापडली. भिंतीला टेकून बसल्यासारखी. मला आणायला पुतण्या मोटरसायकलवर आला तेव्हा मी हात धूत होतो. त्यानं विचारलं, "काका, फोन का बंद?" मी म्हणालो, "बॅटरी उतरली. सकाळपासून बंदच आहे."

तोंडातून गेलं. मग तेच सगळ्यांना सांगितलं. घरी आल्यावर सगुणाचा फोन मी आधी ताब्यात घेतला आणि त्यातले माझ्या नावावरचे ते दोन कॉल पुसून टाकले. बाहेर बाया रडत होत्या. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी कामाला जात होतो, भाकरी खात होतो, झोपही लागत होती. आत मात्र सगळं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यासारखं होतं.

पहिल्या वर्षी बोकड दिला तेव्हा दोनतीन महिने बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी महिनाभर. चौथ्या वर्षी जेवणाची भांडी घासून होईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. तरी पाचव्या वर्षी बोकड आणला. दुसरं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

"चाचा," मी त्यांना म्हणालो, "तुम्ही किती वर्षं झाली कापताय?"

"बाप गेल्यापासून. चाळीस तरी. म्हसोबाचे, मरीआईचे, पिराचे, आता तुमचे. मुलाण्याबिगर कुनाचं भागतंय?"

"एकदा कापून कुणाचं फिटलं का?"

"फिटलं आसतं तर मी दुसरा धंदा नसता का बघितला?" चाचा म्हणाले आणि सुरी पुन्हा दगडावर ओढायला लागले.

तेवढ्यात फाटकातून छोटा टेम्पो आत आला. माझी मुलगी करुणा पुढं बसली होती, मांडीवर आठ महिन्यांचा योएल. टेम्पो तिच्या दिराचा होता. दिरानं खाली उतरून मला हात जोडले, मागची फळी पाडली आणि आतून एक बोकड ओढून बाहेर काढला. काळा, पांढऱ्या कानांचा, माझ्या बोकडापेक्षा दांडगा. दीर थांबला नाही, त्याला भाजीचा माल उचलायचा होता. टेम्पो धूळ उडवत निघून गेला.

चाचांनी दोन्ही बोकडांकडं बघितलं. "मिस्त्री, आजूबाजूच्या वाड्यांना बी आवतान दिलंय का?"

"हे काय गं?" मी करुणाला विचारलं.

"यंदाचा बोकड माझ्याकडून."

"मी आणलाय की."

"तुमचा राहू द्या. पुढच्या वर्षी कामाला येईल." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "यंदा माझाच कापायचा बाबा. मी ठरवून आणलाय."

"सासरच्यांना काय सांगितलंस?"

"आईसाठी म्हणून सांगितलं. खोटं नाही ते."

"करू, लेकीच्या सासरहून बोकड आणून मंडळीला जेवू घातलं तर लोक मला काय म्हणतील?"

"म्हणू द्या. लोकांसाठी आणलाय का मी?"

तिचा आवाज चढला होता. स्वयंपाकाच्या बायका चुलीकडून बघायला लागल्या. चाचा उठून सरपण सारखं करायच्या निमित्तानं लांब गेले. माणूस शहाणा.

करुणानं तिच्या बोकडाचं दावं माझ्या बोकडाच्या शेजारी बांधलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणता ते मला सांगा."

मी दाव्याची गाठ पुन्हा चाचपली.

"मी दरवर्षी बघते. चुलीपाशी उभी राहून बघते. तुम्ही हात ठेवता, बोलता, मग चाचांना खूण करता. मलापण म्हणायचंय. पण ते कसं म्हणायचं मला माहीत नाही."

"तुला कशाला म्हणायचंय?"

"आहे काहीतरी."

"काय आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बोकडाच्या पाठीवरचं गवत एक एक काडी करून काढत राहिली. "आईनं त्या दिवशी मला फोन केला होता," ती म्हणाली. "साडेबाराला. कुणाला सांगितलं नाही मी. छातीत दुखतंय म्हणाली, घाम येतोय म्हणाली. मी नर्सिंग शिकत होते बाबा. छातीत दुखणं आणि घाम, हे आम्हाला पहिल्या सहा महिन्यांत शिकवलेलं. आणि मी काय म्हणाले? 'मी ड्यूटीवर आहे, बाबांना फोन कर.' ड्यूटीवर नव्हतेच. मैत्रिणींबरोबर चहाला चालले होते."

"मग?"

"आई नुसती 'बरं' म्हणाली. मग दीडला मला राहवेना म्हणून मी तुम्हाला लावला तर बंद. तुमची बॅटरी उतरलेली. म्हणजे सगळ्या जगात तेव्हा एका माणसाला ठाऊक होतं. मला."

योएलनं तिच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती. तिनं ती सोडवून घेतली.

करुणानं दुसऱ्या वर्षाला नर्सिंग सोडलं होतं. सगळे म्हणाले, आई गेली, घर बघायला हवं म्हणून सोडलं. मीही तेच म्हणत होतो. मग तिचं लग्न करून दिलं.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "कोण भांडतंय रे तिकडं? गिदोन, तू आहेस का? इकडं ये."

दीनाबाई. चर्चच्या बाजूच्या खोलीत त्या राहत. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांनी अंधुकच दिसायचं, पण कान असे की उपासनेत कुणी खोकलं तरी नाव घेऊन विचारायच्या. त्यांनी बोलावलं की जायचं, एवढं आमच्या हाडात होतं. मी गेलो. जाताना सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"करूनं बोकड आणलाय. मीपण आणलाय."

"दोन?" बाई हसल्या. दात नव्हते. "दोन बोकड म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन, त्याच्या प्रायश्चित्ताचा दिवसच झाला की. एक कापायचा, एक रानात सोडायचा."

"सोडायचा?"

"मग? शिकवलंय मी तुला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं बोलायची तो बोकड जिवंत ठेवायचा आणि दूर रानात नेऊन सोडायचा. पापं घेऊन जाऊ दे म्हणून."

मी तिथं उभा होतो, खांबाला हात लावून. "बाई, मी कापायच्या बोकडावर हात ठेवतो."

"तू?"

"दरवर्षी. सगुणाच्या दिवशी."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. आणि त्याचा रस्सा करून मंडळीला खाऊ घातलास? चार वर्षं?"

"हो."

"पाळकसाहेबांनापण?"

"त्यांना कलेजी लागते."

बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी तांब्यातलं पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत. माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "काय केलंस तू, ते मी विचारत नाही. ते मला सांगायचं नाही. पण ख्रिस्ती माणूस असून बोकडावर हात ठेवायची वेळ तुझ्यावर का आली?"

"तुम्हीच शिकवलं."

"मी पुढचंही शिकवलं. तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतास." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "तू गवंडी आहेस ना? मग ऐक. मोशेच्या त्या जुन्या पवित्रस्थानाचं सगळं मोजमाप शास्त्रात दिलेलं आहे. वेदी किती हात, मेज किती, समई किती वजनाची, पडदा कसला. खुंट्या कसल्या धातूच्या हेसुद्धा दिलंय. पण एक गोष्ट त्यात कुठं नाही. सांग कोणती."

"काय?"

"याजकाला, अर्पण करणाऱ्याला, बसायला जागा. चौरंग नाही, पाट नाही, काही नाही. का नसेल?"

मी विचार केला. मला स्लॅबचा दिवस आठवला. "काम संपलं नसंल म्हणून."

"शाबास. संपतच नव्हतं. आज कापला, उद्या परत. यंदा कापला, पुढल्या वर्षी परत. बोकडाच्या रक्तानं माणसाच्या आतलं काही धुतलं जात नाही, म्हणून पुन्हा पुन्हा. आणि तो याजक तरी कोण? आपल्यासारखाच. आधी स्वतःच्या पापासाठी कापायचा, मग तुमच्या. म्हातारा व्हायचा, मरायचा. मग ती सुरी त्याच्या पोराच्या हातात. पोरगा म्हातारा झाला की त्याच्या पोराच्या. बापाचं पोराला, पोराचं नातवाला. दीडहजार वर्षं हेच."

मी अंगणाकडं बघितलं. चिंचेखाली करुणा उभी होती. योएल कडेवर. तिनं मोकळा हात काळ्या बोकडाच्या डोक्यावर ठेवला होता. ओठ हलत नव्हते. काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं.

त्या वेळी मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. काही झालंच नाही म्हटलं तरी चालेल. छातीत कळ नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त एक कळलं, की माझ्यानंतर ती. आणि तिच्या कडेवर तो.

"आणि आपला?" मी विचारलं.

"आपला काय?"

"आपला याजक."

"तो बसला," बाई म्हणाल्या. "एकदाच अर्पण केलं. बोकड नाही, स्वतःला. आणि वर जाऊन देवबापाच्या उजवीकडं बसला. बसला म्हणजे काम पुरं झालं. आता तो मरत नाही, म्हणून त्याच्या मागं दुसरा कुणी लागत नाही. बसून एकच करतो. आपल्यासाठी बोलतो. तो आपल्यासारखाच माणूस होऊन गेलाय, भूक, भीती सगळं सोसलंय, तेव्हा त्याच्यापुढं लाजायचं कारण नाही."

"माझ्यासाठीपण बोलतो?"

"सगळ्यांसाठी बोलतो, मग एकट्या गिदोनला वगळणार आहे का?" बाई जरा चिडल्याच. "पण तू त्याच्याशी कधी बोललास? तू बोकडाच्या कानात बोलतोस. बोकडाला काय कळतं? त्याला बोलून फायदा असा की तो उलटून विचारत नाही, आणि तासाभरात पातेल्यात असतो."

खरं होतं.

"त्याच्याशी बोल," त्या म्हणाल्या. "आणि ज्याचं काही घेतलं असशील त्याचं त्याला परत दे. त्यासाठी बोकड लागत नाही."

"देता येण्यासारखं नसलं तर?"

"मग निदान घेतलंय एवढं तरी कबूल कर. जा. पाळकसाहेब उपासना घ्यायला अकराच्या गाडीनं येतील, त्यांच्यासमोर तमाशा नको."

ओसरीपासून चिंचेपर्यंत पस्तीसेक पावलं असतील. मी बारा वर्षांनंतर हे लिहितोय, पण ती पावलं अजून आठवतात. चालताना मी वर बसलेल्या त्याला म्हणालो, "मी फोन उचलला होता." मोठ्यानं नाही. पहिल्यांदाच त्याला सांगत होतो, म्हणून पुढचं सुचलं नाही.

करुणानं मला येताना बघितलं आणि विचारलं, "सांगता ना आता? काय म्हणायचं?"

"हात काढ."

"का?"

"हात काढ त्याच्या डोक्यावरनं. तुझं काही नाही."

"बाबा, तुम्हाला कळलं नाही मी काय सांगितलं ते—"

"बॅटरी उतरली नव्हती," मी म्हणालो.

तिला समजलं नाही. "काय?"

"फोन चालू होता. तुझ्या आईनं मला दहा वाजता फोन केला. मी उचलला, बोललो. मग एकला केला. तुझ्याशी बोलल्यावर. तो मी उचलला नाही. मी फोन बंद केला. दीडला तू लावलास तेव्हा तो माझ्या खिशात होता. मीच बंद केलेला. नंतर मी सगळ्यांना खोटं सांगितलं. तिच्या फोनमधले कॉल मी पुसले."

हे बोलायला जेवढा वेळ लागला तेवढा स्लॅबवर एक घमेलं वर जायला लागतो. पाच वर्षं मला वाटत होतं फार मोठं आहे.

करुणाचा हात अजून बोकडाच्या डोक्यावर होता. तिनं तो काढला आणि साडीला पुसला.

"दहा वाजता," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझ्या आधी."

"तुझ्या आधी अडीच तास."

"मी साडेबाराला 'बाबांना फोन कर' म्हणाले, तेव्हा आईनं तुम्हाला आधीच केलेला होता."

"हो."

"आणि ती मला नुसती 'बरं' म्हणाली."

"हो."

"तुमचं नाव नाही घेतलं तिनं. तुम्ही येत नाही, असं नाही सांगितलं."

मी मान हलवली.

तिनं मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त योएलला खाली गोणपाटावर बसवलं. तो लगेच बोकडाच्या शेपटीला धरायला सरकला. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, "मी नर्सिंग सोडलं. तुम्हाला माहीत होतं का मी का सोडलं?"

"नाही. आत्ता कळलं."

"तुम्ही विचारलं का कधी?"

"नाही."

"विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मग तुम्हाला सांगावं लागलं असतं."

"म्हणून विचारलं नसंल," मी म्हणालो.

नंतर आमच्यात काय झालं ते आधीच लिहून टाकतो, म्हणजे कुणी उगाच गोड समजू नये. त्या दिवशी उपासनेत मी उभा राहिलो आणि हेच सगळं मंडळीसमोर चार वाक्यांत सांगितलं. लीलाबाई ऐकताना रडली. बाकी कुणी काही बोललं नाही. बोकड कापला, माझाच, कारण साठ माणसं जेवायला येणार होती. त्याच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाही. काळा बोकड दुसऱ्या दिवशी टेम्पोनं परत गेला. करुणा मग चौदा महिने आली नाही. माझ्याशी फोनवर बोलायची ती पोराच्या औषधापुरती. मी तिला दोष देत नाही. क्षमा झाली म्हणजे केलेलं न केल्यासारखं होत नाही, हे मला त्या चौदा महिन्यांत कळलं. पण पुढच्या वर्षी मी बोकड आणला नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिनंही नाही. सगुणाच्या दिवशी आम्ही शिरा करतो. योएलला हे काहीच ठाऊक नाही, तो शिऱ्यातले बेदाणे वेचून खातो. करुणानं पुढं राहिलेलं शिक्षण पुरं केलं. आता तालुक्याच्या दवाखान्यात आहे.

तर चिंचेखाली. निजामचाचा सरपण लावून परत येत होते, आमची तोंडं बघून मध्येच थांबले आणि उगाच चुलीकडं वळले. फाटकाशी लोक यायला लागले होते. करुणानं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं ती आता पोराला उचलून निघून जाईल. ती गेली नाही.

"दहा वाजता आई काय म्हणाली?" तिनं विचारलं.

"छातीत जड वाटतंय म्हणाली."

"तेवढंच?"

"नाही."

"तुम्ही तिच्याशी बोललात. शेवटचं नीट तुम्हीच बोललात. माझ्याकडं तिचं एक 'बरं' आहे फक्त." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "काय म्हणाली ते सगळं सांगा. तिच्या शब्दांत सांगा."

मी ते पाच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बोकडालाही नाही. ते सांगायचं तर फोन उचलला होता हे सांगावं लागलं असतं. सगुणाचं बोलणं मी मुलीपासून चोरून ठेवलं होतं, हे मला तिथं उभं असताना कळलं. तिच्या फोनमधलं पुसलं होतं, पण माझ्या कानातलं गेलं नव्हतं. शब्द न् शब्द होता.

"ती म्हणाली, 'तुमचं चालू असंल तर आटपून या. पण करूला कळवू नका. आज ती दवाखान्यातल्या मोठ्या बाईंच्या पुढं पहिल्यांदा सुई देणार आहे. साडेबाराला सुटंल. तोवर तिला काही कळायला नको. तिचा हात लई हलका आहे हो. तो थरथरायला नको.'"

करुणा खाली बसली. गोणपाटावर, पोराशेजारी. फाटकाकडून कुणीतरी मला हाक मारली, मी ओ दिली नाही.

मग तिनं वर बघितलं.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि परत सांगितलं.